मृगाच्या किड्याला गाणं कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुर्लक्षित प्राण्यांवरच्या गमतीगाण्यांच्या संग्रहाचा परिचय रविवारच्या पुरवणीत वाचला. पाल, वटवाघूळ, गांडूळ असल्या मंडळींवर कुणी गाणी रचतंय, याचाच आनंद झाला. मात्र 'यातून मुलांनी बोध काय घ्यायचा?' असं परीक्षणात शेवटी विचारलंय, ते खटकलं.

मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. मुंगी आली की उद्योगी व्हा, कासव आलं की घाई करू नका, कोल्हा आला की सावध राहा. सगळे प्राणी जणू जिल्हा परिषदेनं मानधनावर नेमलेले! आमच्या पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात विंचवावर भारूड रचलं. आजही सप्ताहात ते सुरू झालं की पेंगणारी माणसं उठून बसतात. पण तो विंचूही काम-क्रोधाचा. नाथांना बोल लावायची माझी प्राज्ञा नाही. पण गोवऱ्यांच्या ढिगात निघायचा तो, पाठीवर पांढुरक्या पिल्लांचं बिऱ्हाड घेतलेला खरा विंचू अजून गाण्याविनाच आहे.

माझी शिफारस मृगाच्या किड्याची. पहिला पाऊस झाला की काळ्या रानात बांधाच्या कडेनं लालभडक मखमलीचे ठिपके चालू लागतात. पोरं काड्याच्या पेटीत ओली माती घालून ते वर्गात आणायची. तळहातावर घेतला की पाय पोटाशी ओढून गप्प. आपणही गप्प बसायचं, मग हळूच एक पाय बाहेर. पाय किती, यावरून एकदा भांडण जुंपलं. 'बाई, सहा!' 'आठ हैत, बाई!' आठच. नावाला किडा, पण कोळ्याच्या भावकीतला. त्या दिवशी आम्ही फळ्यावर रचलं:

मृगाचा किडा, मखमली झगा,
चिखलात चाललाय, थाट तर बघा!
कुणी शिवला, सांगत नाही,
आठ पाय, पण रांगत नाही!

बोध शून्य. मधल्या सुट्टीत पोरं पाय आपटत हेच म्हणायची.

शंखी गोगलगायीचं मात्र अवघड आहे. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं तिनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली; लोकांना दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर टाकायची आणि सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात, हा त्या दिवसांतला आमचा उद्योग. पुतण्यापुढं गाण्याचा विषय काढला, तर म्हणाला, 'काकू, गाणं ऱ्हाऊ द्या, मीठ आणा.' त्याचंही खोटं नाही. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिली. शास्त्राच्या पुस्तकातही ती 'उदरपाद'च! तिचं गाणं करावं, पण सोयाबीन त्यातून गाळू नये. चोरून खाणाऱ्याचं गाणं मुलांना जास्तच आवडतं.

मांडुळावर तर हवंच. शेपूट बोथट, तोंडासारखी दिसते, म्हणून बिचाऱ्याला 'दोन तोंडांचा' ठरवलं. मग गुप्तधनाच्या नादात त्याचे चोरून सौदे होतात, पकडले गेले की बातम्या येतात. विष नाही, उंदीर खातो, १९७२च्या कायद्यानं संरक्षण आहे, तरी… बघा, मीही बोधावर आलेच. मास्तरकीची खोड!

असो. संग्रहात मृगाचा किडा आहे की नाही, हे परिचयातून कळलं नाही. असेल तर ते गाणं बालपानावर छापा. नसेल तर वरच्या चार ओळी घ्या, चाल मुलं लावतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. रेणापूर, जि. लातूर