हरलेल्या हंगामानंतर आई-बाबांना पत्र

वाशी, नवी मुंबई

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, तुझा मोबाइल खेळाचा संघ असाच हरत राहिला तर तुझ्या नोकरीचे काय होणार? तेव्हा मी "नोकरी आहे" एवढेच सांगून विषय बदलला. ते उत्तर अर्धवट होते आणि त्याची रुखरुख मला आठवडाभर लागून राहिली, म्हणून आज सवडीने बसून सगळे लिहिते आहे. नोकरी खरोखरच आहे, परंतु पुढचे तीन महिने पगार कमी मिळणार आहे आणि तो मी स्वतःहून मान्य केला आहे. मध्यंतरी दुसऱ्या एका संघाने मला बोलावले होते. त्यांना मी नकार दिला. हे तुम्हाला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, आणि कारणांसह कळावे, अशी माझी इच्छा आहे.

आमचा खेळ आईला एकदा दाखवला होता, पण घाईत दाखवला होता. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळाच्या एका सामन्यात चौघांचे सोळा संघ, म्हणजे ६४ खेळाडू, एकाच नकाशावर उतरतात. खेळायचे क्षेत्र वर्तुळासारखे टप्प्याटप्प्याने आकसत जाते आणि जो वर्तुळाबाहेर राहतो त्याची ताकद संपत जाते. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण मिळतात, दुसऱ्याला ६, त्याखाली आणखी कमी, आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण. बघणाऱ्याला वाटते की ज्याचा नेम चांगला तो जिंकतो. नेम लागतोच, पण या पातळीवर तो सगळ्यांकडेच असतो. पुढचे वर्तुळ कुठे सरकेल याचा अंदाज घेऊन इतरांच्या आधी योग्य जागी पोहोचणे, हे खरे काम असते आणि त्याचा हुकूम एकच जण देतो. मुले त्याला आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर, म्हणतात. तुम्ही कर्णधार समजा.

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही चौथे आलो होतो. त्यानंतर आमच्या चौघांपैकी दोघांना अधिक मानधनाचे बोलावणे आले आणि ते गेले. त्यांना दोष देता येणार नाही, कारण या खेळात कमाईची वर्षे फार थोडी असतात. दोष असलाच तर आमचा आहे. पुढची स्पर्धा तोंडावर आली म्हणून आम्ही आठ दिवसांत दोन नवी मुले घेतली आणि त्यांना जुन्या कर्णधाराच्या हाताखाली उभे केले. दोघेही गुणी, दोघांचाही नेम आधीच्या मुलांपेक्षा सरस. तरीही त्या स्पर्धेत आम्ही नववे आलो आणि शेवटच्या स्पर्धेत सोळांपैकी तेरावे.

त्या शेवटच्या स्पर्धेतला एक प्रसंग सांगते, कारण सगळा हंगाम त्यात आहे. एरंगेल नावाच्या नकाशात दक्षिणेला लष्करी तळाचे बेट आहे आणि मुख्य भूमीवरून तिथे जायला दोन पूल आहेत. वर्तुळ बेटाकडे सरकले की जो संघ पूल आधी ओलांडतो तो पलीकडच्या तोंडावर गाड्या आडव्या लावून बसतो आणि मागून येणाऱ्यांना उघड्यावर टिपतो. आमच्या कर्णधाराने वर्तुळ दिसताक्षणी "निघा" म्हटले. त्याचा जुना जोडीदार लगेच गाडीत बसला. नव्या दोघांना समोरच्या घरात एक शत्रू दिसला होता आणि त्याला बाद करून मगच निघावे असे त्यांना वाटले. ते आले, पण उशिरा आले. गाडी पुलाच्या मध्यावर पोहोचली तेव्हा पलीकडे दोन जीप आडव्या लागल्या होत्या. चौघेही तिथेच बाद झाले. प्रक्षेपणात समालोचक म्हणाले की कर्णधाराचा निर्णय उशिरा आला, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच बोलले गेले.

सामन्यात आमची मुले एकमेकांशी जे बोलतात त्याचे ध्वनिमुद्रण मी पुन्हा ऐकले. हुकुमापासून चौघे गाडीत बसेपर्यंत अकरा सेकंद गेले होते. मग मी हंगामातल्या सगळ्या सामन्यांची ध्वनिमुद्रणे काढली आणि प्रत्येक वेळी हुकूम केव्हा दिला गेला व चौघे केव्हा हलले, एवढ्या दोनच नोंदी समोरासमोर लिहीत गेले. जुना संघ चार-पाच सेकंदांत हलत होता, नवा संघ नऊ-दहा सेकंदांत. कर्णधाराच्या निर्णयाची वेळ मात्र दोन्हीकडे जवळजवळ तीच होती. बाबा, ही नोंद करताना मला तुमची लाल बांधणीची वही आठवत होती. शाळेच्या कबड्डी संघाचा सामना असला की ती वही तुम्ही माझ्या मांडीवर देत होता आणि मी गुणाची चढाई, रिकामी चढाई आणि पकड अशा खुणा करीत होते. पकड सुटली की लोक कोपरारक्षकावर ओरडायचे आणि तुम्ही मला हळूच सांगायचा की, साखळीत हात आधी कोणी सोडला ते लिही. मी आज तेच काम करते, फक्त मैदान काचेच्या पडद्यावर आहे.

हंगाम संपल्यावर बैठक झाली. व्यवस्थापनाचे म्हणणे असे होते की चौघांनाही मोकळे करावे आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी. हा विचार मूर्खपणाचा नव्हता. तेराव्या क्रमांकानंतर प्रायोजकांना काहीतरी मोठा बदल दाखवावाच लागतो. मी माझ्या नोंदी मांडल्या आणि सोबत कोरियातल्या टी-वन या संघाची हकीगत सांगितली, जी मी गेली काही वर्षे जवळून पाहत आले आहे.

हा संघ लीग ऑफ लेजंड्स हा खेळ खेळतो. पूर्वी त्याचे नाव एसके टेलिकॉम टी-वन असे होते आणि २०१३, २०१५ व २०१६ अशी तीन जागतिक विजेतेपदे त्याने मिळवली होती. त्यांचा मुख्य खेळाडू फेकर या नावाने ओळखला जातो. २०१७ च्या अंतिम सामन्यात बीजिंगला ते ०-३ असे हरले आणि फेकर मंचावरच रडला. पुढच्या वर्षी तर त्यांची पडझडच झाली. २०१८ च्या उन्हाळी साखळीत दहा संघांत ते सातवे आले आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्यांच्याच देशात असूनही त्यांना तिथे प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी फेकरला ठेवून पहिल्या फळीतले जवळजवळ सगळे बदलले, नावाजलेले खेळाडू घेतले. २०१९ मध्ये देशातल्या दोन्ही साखळ्या त्यांनी जिंकल्या, पण जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीतच थांबले. म्हणजे मोठ्या बदलाने काहीच साधत नाही असे मी म्हणत नाही. डोटाच्या खेळातल्या ओजी या संघाचे काही प्रमुख खेळाडू २०१८ मध्ये मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सोडून गेले. त्यांनी प्रशिक्षकाला खेळाडू केले, एक जुना भिडू परत बोलावला, एक जवळजवळ अननुभवी मुलगा घेतला, खुल्या पात्रता फेरीतून वर आले आणि व्हँकुव्हरला अंतिम सामना ३-२ असा जिंकला. मात्र तिथेही दोघे जुने जागेवर होते आणि त्यांच्याभोवती बाकीचे जुळले. आणि पुढच्या वर्षी शांघायला तेच पाच जण पुन्हा जिंकले.

टी-वनची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याच्या पुढची आहे. त्यांनी स्वतःच्या उमेदवार संघातली तरुण मुले हळूहळू वर आणली आणि २०२२ पर्यंत पाच जणांचा एक घट्ट संघ तयार केला. त्या वर्षी वसंत साखळीत त्यांनी अठराच्या अठरा सामने जिंकले. नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जागतिक अंतिम सामन्यात मात्र ते २-३ असे हरले, तेही पात्रता फेरीतून चढत आलेल्या संघाकडून. एवढा पराभव झाल्यावर कुणीतरी बळी दिला जातो, असा या क्षेत्राचा शिरस्ता आहे. त्यांनी पाचही जणांना ठेवले. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांचा कर्णधार असलेल्या फेकरच्या हाताला दुखापत झाली आणि तो सुमारे महिनाभर बाहेर बसला. त्याच्याविना संघाने आठ सामन्यांपैकी एक जिंकला आणि सात हरला. बाकीचे चौघे तेच होते, त्यांचे हातही तेच होते. मी बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला, कारण कर्णधाराच्या आवाजाची किंमत यापेक्षा स्पष्ट मला कुठे सापडलेली नाही. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला सोलमध्ये त्या पाच जणांनी जागतिक विजेतेपद ३-० असे मिळवले आणि २०२४ मध्ये लंडनला पुन्हा मिळवले. त्यानंतर त्यांचा एक खेळाडू दुसऱ्या संघात गेला. त्याच्या जागी नवा आला आणि २०२५ मध्ये ते तिसऱ्यांदा सलग जिंकले.

आमचा संघ टी-वन नाही, हे मला कळते. त्यांच्यासारखा पैसा आमच्याकडे नाही आणि फेकर तर कुणाकडेच नाही. पण आमच्या कर्णधाराचे निर्णय बरोबर होते, हे माझ्या नोंदींतून दिसत होते, आणि ज्याचे बरोबर होते त्याला काढून आपण काय दुरुस्त करणार, एवढाच माझा प्रश्न होता. बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की कर्णधार आणि त्याचा जुना जोडीदार राहतील, नव्या दोघांपैकी एक राहील, एकाला मोकळे केले जाईल, आणि त्याच्या जागी येणाऱ्या मुलाला स्पर्धेत उतरवण्याआधी सहा आठवडे सरावाचे मिळतील. ते सहा आठवडे आम्ही एकही स्पर्धा खेळणार नाही. उत्पन्न तेवढे बुडेल, म्हणून पगारात कपात आहे. ही मागणी मीच लावून धरली असल्याने कपातीतून स्वतःला वगळणे मला योग्य वाटले नाही.

ज्याला मोकळे केले तो मुलगा सोलापूरचा आहे, एकोणीस वर्षांचा. प्रशिक्षकांनी त्याला हिंदीत सांगितले आणि मी बाजूला बसले होते. त्याने सगळे ऐकून घेतले, मान हलवली, आणि टेबलावरची चार्जरची वायर काढून बोटांभोवती अगदी व्यवस्थित गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली की सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. प्रशिक्षक गेल्यावर तो मला मराठीत म्हणाला, "ताई, माझं नेमकं कुठं चुकलं ते एकदा व्हिडिओत दाखवाल का?" आम्ही दोन तास बसलो. पुलाचा प्रसंग त्याने चार वेळा बघितला आणि चौथ्यांदा म्हणाला की, आधीच्या संघात तो स्वतःच हुकूम देत असे, त्यामुळे दुसऱ्याचा हुकूम ऐकल्यावर त्याचे मन आधी तो तपासून बघत होते. ही गोष्ट त्याला आठ दिवसांत संघात घेताना आमच्यापैकी एकाने तरी विचारायला हवी होती. मी त्याची नोंदवही त्याला दिली आहे आणि ज्या संघाला तरुण कर्णधाराची गरज आहे अशा दोन ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकला आहे. त्याला काढण्याचा सल्ला माझ्याच नोंदींमधून गेला, आणि ते मला अजून जड जाते.

आई, ऑगस्ट २०२५ मधल्या कायद्याच्या बातमीने तू घाबरली होतीस, म्हणून तेवढे स्पष्ट करते. बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळे मानून मान्यता दिली आहे. आमच्या मुलांपैकी कुणी पैसे लावत नाही. सकाळी साडेदहाला उठतात, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत सराव करतात, आणि जेवणाच्या मावशी त्यांना भाकरी खायला लावतात, याचे तुला समाधान वाटेल.

बाबा, तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरल्यावर सगळे गाव सांगत असताना तुम्ही डावा कोपरारक्षक बदलला नव्हता, हे मला आठवते. त्याला ठेवण्याआधी तुम्ही किती दिवस विचार केला होता, आणि ज्याला काढले त्याच्या घरी तुम्ही गेला होता का, हे मला विचारायचे होते. फोनवर शब्द सापडले नाहीत, म्हणून इथे विचारते. पत्राने उत्तर लिहाल तर मला फार आवडेल.

निवड चाचणी येत्या सोमवारपासून आहे. वीस मुले येणार आहेत आणि प्रत्येकाला तीन दिवस आमच्या कर्णधाराच्या हाताखाली खेळवणार आहोत. नेम आम्ही शेवटी बघू. शेजारचे काका शनिवारच्या एसटीने पनवेलला येत आहेत असे आई म्हणाली होती. त्यांच्याकडे ती लाल वही देता आली तर द्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या जर्सींच्या खाली असेल. पकडीच्या नोंदींचे रकाने तुम्ही कसे आखले होते ते मला नीट आठवत नाही आणि सोमवारच्या आत ते बघायचे आहेत.

आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे. दोघांनी प्रकृतीस जपावे.

तुमची लाडकी,
धाकटी