बाळ्याला, वाईच्या प्लॉटबद्दल

रेडिंग, इंग्लंड

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, तुझे दोन फोनही नुसते "नंतर करतो" म्हणून ठेवले. माफ कर. तब्येती ठीक, सुमाचा गुडघा तसाच.

लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून तीन दिवस कॉट्सवोल्ड्सला गेलो होतो. मधाच्या रंगाच्या दगडाची गावं. बायबरीला घरांची एक ओळ आहे, आर्लिंग्टन रो. 1380च्या सुमाराची मठाची लोकरीची वखार ती. सतराव्या शतकात तिथे विणकर राहायला आले. कापड वाळत घालायचे समोरच्या कुरणात. सुमा तिथे पाण्याकाठी बराच वेळ बसली आणि म्हणाली, "मला वाईला राहायला जायचं नाही."

आपल्या प्लॉटबद्दल बोलत होती, बाळ्या. ज्यावरचा आंबा कुणाच्या बाजूला यावरून तू माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होतास (आंबा माझ्याच बाजूला आहे, मोजून घे!), तोच प्लॉट.

"तिकडे मी कुणाची तरी सून, जाऊ, मामी असते," म्हणाली. "इथे माझी मी असते." ती भांडत असती तर मीही भांडलो असतो. पण ती शांतपणे बोलत होती. "आपण परत जाणार" हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तिला एकदाही विचारलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जची कबर पाहिली. नववीत तू माझ्याकडून सालबाईचा तह घोकून घेतला होतास, 1782, त्या वेळचा इंग्रजांचा गव्हर्नर जनरल तोच हा. घराण्याच्या हातून गेलेलं हे गाव परत मिळवायचं, असं त्याने पोरपणीच ठरवलं होतं. हिंदुस्थानातून परतल्यावर 1788 साली विकत घेतलं आणि इथेच मेला, आपली पेशवाई बुडाली त्याच 1818 साली. त्या माणसाचा मला हेवा वाटला रे. वाटला म्हणून स्वतःचीच चीड आली. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

वहिनी निवृत्त झाल्या, त्यांना साधा फोनही केला नाही. माझा नमस्कार सांग. चिन्मयचं कळव.

कुंपणाचं विचारलं होतंस. रस्त्याच्या बाजूचं घालून घे. आपल्या दोघांमधलं मात्र सध्या राहू दे. डिसेंबरात मी एकटाच येतोय, तेव्हा बोलू.

तुझा,
नंदू