गप्प बसलेला पियानो

संपादक साहेब, अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या '४ मिनिटं ३३ सेकंद' या पीसचं (यात वाजवणारा एकही सूर वाजवत नाही) नाव काढलं की आपल्याकडं लोक लगेच हसतात, पियानोवाला नुसता बसला आणि पैसे घेऊन गेला म्हणे. पण १९५२ ला अमेरिकेत वुडस्टॉकला पियानोवादक डेव्हिड ट्यूडरनं ते पहिल्यांदा सादर केलं तेव्हा हॉल मागून उघडा होता, आधी वारा ऐकू आला, मग छपरावर पाऊस, आणि शेवटी वैतागलेल्या पब्लिकची कुजबुज, म्हणजे पूर्ण शांतता नव्हतीच की, केजला तेच तर ऐकवायचं होतं. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापूरला हे जड जाऊ नये खरं तर. तबल्यात दमदार तिहाई असते, म्हणजे तेच बोल मध्ये थांबत तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं, त्यातला मधला दम, म्हणजे ते थांबणं, काढून टाका आणि बघा समेवर काय मजा उरते ते. आता मात्र तानपुरा जुळेपर्यंत पण निवेदक बोलतोय, मागं कुणाचा तरी मोबाईल वाजतोय (गणपतीतल्या डॉल्बीचं तर सोडाच). कुणीतरी हा पीस इथं ठेवाच, ते पण एसी हॉलात नको, शाहूपुरीत भर ट्रॅफिकमध्ये, रिक्षांच्या हॉर्नसकट. तिकीट लावलं तरी मी येतो.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर