डीएनएपासून वीज : ४५ अंश पुरेसे नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डीएनएचा रेणू उष्णतेपासून वीज देतो, हे खरे आहे. पण त्यावरून नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी वीज मिळेल असे विद्यार्थ्यांना सांगणे चूक आहे. सीबेक परिणामाला, म्हणजे तापमानातील फरकामुळे व्होल्टेज निर्माण होण्याला, एक टोक गरम आणि दुसरे थंड लागते. दोन्हीकडे सारखेच ४५ अंश असतील तर व्होल्टेज शून्य.

प्रयोगात आखूड, दुपदरी डीएनएच्या टोकांना गंधकाचे गट जोडतात, कारण गंधक सोन्याला घट्ट धरतो. क्षारयुक्त द्रावणात सोन्याची सुई सोन्याच्या पृष्ठभागाला टेकवून हळूहळू मागे घेतात. मधे एखादा रेणू अडकला की सुई आणि पृष्ठभाग यांच्या तापमानात थोडा फरक ठेवून व्होल्टेज मोजतात. रेणू दर वेळी वेगळा बसतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा करावे लागते. द्रावणातून प्रवाह गळू नये म्हणून टोक सोडून सुईला मेणाचा लेप देतात. फार तापवले तर डीएनएचे पदरच सुटतात.

२०१६ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील नोंगजियान ताओ यांच्या गटाने दाखवले की विद्युतभार ग्वानिनवरून (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक, जी) ग्वानिनवर उड्या मारत जातो तेव्हा सीबेक परिणाम लहान असतो. मधे ए-टी (ॲडेनिन-थायमिन) जोड्या घालून भाराला टनेलिंग करायला, म्हणजे मधे न थांबता थेट पलीकडे जायला, लावले की तो परिणाम वाढतो, आणि लांबीनुसार बदलतो. पण तेव्हा वाहकता घसरते! नुसता या अक्षरांचा क्रम बदलून हा गुण बदलता येतो, हे मोठेच यश आहे.

आता हिशेब. एका रेणूचा रोध १ कोटी ओहम आणि अंशाला १० मायक्रोव्होल्ट धरले, तर १० अंशांच्या फरकाला १ वॅटसाठी सुमारे ४,००० लाख कोटी रेणू लागतील. तेवढे रेणू एका थेंबातही मावतील. खरी अडचण पुढेच आहे : साधारण रेणूच्या लांबीएवढ्या, ३ नॅनोमीटर जाडीच्या पाण्याच्या थरावर १० अंशांचा फरक टिकवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ लाख वॅट उष्णता वाहती ठेवावी लागते.

शाळेच्या प्रदर्शनासाठी बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचे १२७ जोड्यांचे पेल्टियर मॉड्यूल (तापमानातील फरकापासून वीज देणारी चपटी पट्टी) घ्यावे. त्याच्या दोन बाजूंत ४० अंशांचा फरक ठेवला की साधारण २ व्होल्ट मिळतात, लाल एलईडी लागतो. दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट लावावी आणि थंड बाजूला हीटसिंक बसवून त्यावर पंखा सोडावा; नाहीतर थोड्याच वेळात ती बाजूही तापते आणि दिवा विझतो.

आपले,
भौतिकशास्त्राचे दोन अध्यापक,
धरमपेठ, नागपूर