मुलींना समुद्रावर जाऊ द्या

नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. पंत यांचा अभ्यास समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. खोल समुद्रातल्या पाण्याचे नमुने जहाजावर जाऊनच घ्यावे लागतात, तेही रात्री-अपरात्री. म्हणून मुलीला ‘बोटीवर नको’ म्हणणं म्हणजे हे शास्त्रच तिला नाकारणं. माझ्या भाचीला घरचे आजही तेच सांगतात, याचं फार वाईट वाटतं. संशोधन संस्थांनी जहाजावरच्या केबिन, स्वच्छतागृह आणि तक्रार निवारणाच्या सोयींची माहिती प्रवेशाच्या वेळीच द्यावी, मराठीतूनही द्यावी. पालकांची निम्मी भीती त्यानेच जाईल.

– एक वाचक, नागपूर