अमेरिकेतला ‘फॉल’ मला आवडत नाही

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ‘फॉल’चे, म्हणजे पानगळीच्या दिवसांचे, लाल-पिवळे फोटो बघितले, छान आहेत, पण इथे राहणारी म्हणून सांगते की मला हा सीझन अजिबात आवडत नाही. पानं रंग बदलतात कारण दिवस लहान होतात, हिरवं द्रव्य संपतं आणि मग झाड ती टाकून देतं, मला तरी त्यात सगळं संपत चाललेलंच दिसतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात ना, त्यानंतर तर ऑफिसातून निघेपर्यंत मिट्ट काळोख. उजेड कमी झाला की काही लोकांना खरंच डिप्रेशन येतं, 1984 मध्ये डॉक्टरांनी त्याला नावही दिलंय, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे कॉफीतल्या पंपकिन मसाल्याबद्दलच बोलतात.

31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला दारोदारी भोपळे कोरून ठेवतात आणि नंतर बरेचसे सरळ कचऱ्यात. अन्न असं फेकलेलं मला बघवत नाही.

आणि थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. कुटुंब एकत्र जेवतं हे चांगलंच आहे, पण त्याच दिवशी प्लिमथला, जिथे इंग्लंडहून आलेले लोक वसले त्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावी, मूळ रहिवासी 1970 पासून शोकदिन पाळतात, त्यांच्या जमिनी गेल्या, माणसं मेली म्हणून. हे कळल्यापासून त्या टेबलावर बसून मला घास गिळवत नाही. पुढच्या पुरवणीत त्या शोकदिनाबद्दलही छापा, प्लीज.

– एक वाचक, अमेरिका