वाचनीय क्वेरी की वेगवान क्वेरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणारी आज्ञा, दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहावी की वेगाने चालेल अशी, हा डेटाबेसवर काम करणाऱ्यांमधला जुना वाद आहे. क्वेरीचा वेग सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या हाती असतो, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. पण क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलची रचनाच मुळी ‘काय हवे ते सांगा, कसे मिळवायचे ते डेटाबेस ठरवील’ या तत्त्वावर झाली असून, ते ‘कसे’ ठरवणारा ऑप्टिमायझर आवृत्तीगणिक बदलत असतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसचेच पाहा. २००९ साली त्यात ‘विथ’ची सोय आली आणि लांबलचक क्वेरी नाव दिलेल्या टप्प्यांत मांडता येऊ लागली, परंतु बाहेरची अट या टप्प्याच्या आत पोहोचत नसल्याने, एकाच ग्राहकाची बेरीज हवी असली तरी आत सगळ्या ग्राहकांची बेरीज होत असे. साहजिकच वेगाचा आग्रह धरणाऱ्यांनी टप्पे मोडून क्वेरीत क्वेरी, कंसात कंस घातले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून, एकदाच वापरलेला साधा टप्पा मुख्य क्वेरीत आपोआप मिसळला जातो. कंसांचे ते जंगल मात्र कित्येक ठिकाणी तसेच राहिले आहे, आणि ते का उगवले हे सांगणारा माणूस बहुधा नोकरी बदलून गेलेला असतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्येही असेच घडले. तिथे एकच मूल्य परत करणारे फंक्शन (नाव देऊन ठेवलेले सूत्र) प्रत्येक ओळीसाठी वेगळे चालत असल्यामुळे जाणकार ते टाळायला सांगत आणि एकच सूत्र अनेक क्वेरींत उतरवले जाई. २०१९च्या आवृत्तीने अशी बरीच फंक्शने क्वेरीतच सामावून घेतली. यामागच्या ‘फ्रॉइड’ या संशोधनाचे प्रमुख लेखक कार्तिक रामचंद्र यांची पीएच.डी. पवईच्या आयआयटीत, प्रा. सुदर्शन यांच्या मार्गदर्शनाखाली झाली, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे.

अर्थात सगळेच ऑप्टिमायझरवर सोडून चालत नाही. तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावून वर्ष तपासले, की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) सहसा निरुपयोगी ठरतो. तिथे ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ असेच लिहावे, आणि ते वाचायला काही अवघडही नाही. लूपमध्ये दर ओळीसाठी वेगळी क्वेरी पाठवणारा प्रोग्रॅम कितीही सुबक दिसला, तरी डेटाबेसपर्यंतच्या हजार फेऱ्या कोणताही ऑप्टिमायझर वाचवू शकत नाही.

म्हणून माझे मत वाचनीयतेच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. आधी सरळ क्वेरी लिहावी, खऱ्याइतक्या डेटावर तिचा एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कोणत्या पायऱ्यांनी चालवतो याचा आराखडा, तपासावा, आणि गुंतागुंत करावीच लागली तर कारण, मोजलेला वेळ आणि डेटाबेसची आवृत्ती शेजारी कॉमेंटमध्ये नोंदवावी. अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत क्वेरी लिहून घेण्याबरोबरच एखाद्या संथ क्वेरीचा प्लॅन विद्यार्थ्यापुढे ठेवून वेळ कुठे जातो हे विचारावे, अशी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे.

आपला,
एक डेटाबेस प्रोग्रॅमर, पुणे